घाट उतरण्यापूर्वी

या सदरातून आजवर शिवणयंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री, गॅसची शेगडी अशा घरात वावरणाऱ्या यंत्रांविषयी आपण बोलत आलो. या वेळी ज्या यंत्राविषयी लिहावयाचे आहे ते उंबऱ्याच्या आत कधी येत नाही. ते अंगणात, फार तर गोठ्याच्या शेजारी उभे असते. परंतु आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातील कितीतरी घरांची चूल त्याच्या जिवावर पेटते. उचगाव, येळ्ळूर, कडोली, हिंडलगा, कोणत्याही गावी जा. जेथे एके काळी बैलगाडीचे जू टेकलेले असे, त्या अंगणात आज पिकअप गाडी दिसते. 2005 साली बाजारात आलेल्या टाटांच्या लहान गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव देऊन टाकले, आणि तिच्याहून मोठ्या पिकअप गाड्या तर भाजीच्या व्यापाराचा कणाच होऊन बसल्या आहेत. कोबी, गाजर, बटाटा, टोमॅटो रात्री हौद्यात भरावयाचे आणि पहाटेस गोव्याच्या बाजारात उतरावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम.

गाडीचा विषय कौटुंबिक मासिकात कशाला, असे काही भगिनी म्हणतील. पण गाडीच्या कर्जासाठी गहाण पडतात त्या बांगड्या कोणाच्या? पहाटे फोन येईपर्यंत जागी राहते ती कोण? गाडी चालविणारा एकटा असला तरी तिच्या हप्त्यात आणि तिच्या धोक्यात सारे घर भागीदार असते. म्हणून तिच्यातील दोन-चार गोष्टी घरातील प्रत्येकाला कळल्या पाहिजेत, असे मला वाटते. आणि त्या मी लिहिणार आहे त्या केवळ पुस्तकातून नव्हे.

माझ्या पुतण्याने 2018 साली कर्ज काढून पिकअप घेतली. पहिली दोन वर्षे बरी गेली. मग 2020 ची टाळेबंदी आली, भाडी तुटली, हप्ते थकले. आणि थकलेले हप्ते भरून काढण्याचा जो मार्ग सर्वांना सुचतो तोच त्यालाही सुचला. एका खेपेत दीड खेपेचा माल भरावयाचा. गाडी मागून बसू लागली तेव्हा मिस्त्रीने सल्ला दिला, मागच्या कमानीला प्रत्येक बाजूस दोन-दोन पाटे वाढवा, गाडी ताठ उभी राहील. पुतण्या माझ्याकडे पैसे मागावयास आला. मी जरा कां-कूं केले, तर म्हणाला, “काका, सगळेच घालतात की.” ते खरेच होते. मी पैसे काढून दिले. ज्याने तीस वर्षे तंत्रशाळेत मुलांना ब्रेक शिकविले, त्याने हे करावे, याची टोचणी आजही जात नाही.

पाटे वाढविल्याने काय होते, ते सांगतो. बऱ्याच पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक लहानशी झडप असते आणि एक दांडी तिला ॲक्सलशी जोडते. गाडी रिकामी असताना मागची चाके हलकी असतात. त्यांना जोराचा ब्रेक लागला तर ती जागच्या जागी आवळतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. म्हणून रिकाम्या गाडीत ही झडप मागच्या ब्रेकांकडे जाणारा दाब कमी ठेवते. हौद्यात माल पडला की सांगाडा खाली बसतो, सांगाडा आणि ॲक्सल यांतील अंतर घटते, दांडी हलते, आणि झडप मागच्या ब्रेकांना जास्त दाब सोडते. थोडक्यात, माल किती आहे हे गाडीला तिच्या वाकण्यावरून कळते. आपण जादा पाटे घालून तिला वाकूच दिले नाही तर झडपेच्या दृष्टीने गाडी रिकामीच! वरती दोन टन माल आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीइतकेच काम करणार. राहिलेला सारा भार पुढच्या दोन चाकांवर. मिस्त्रीला कमान ठाऊक होती, झडप ठाऊक नसावी. मला मात्र ती ठाऊक होती. पैसे देताना मी कमानीचा विचार केला, झडपेचा केला नाही.

आता उष्णतेचा हिशेब पाहा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. जांबोटी, कणकुंबी ओलांडून चोर्ला घाटाच्या माथ्यावर आले की तेथून केरीपर्यंत रस्ता वळणे घेत घेत उतरतो. मालासह चार टनांची गाडी सहाशे मीटर खाली आली असे धरले, तर त्या उतरण्यात जी शक्ती मोकळी होते तिने सुमारे पाऊणशे लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. दोन मोठे बंब भरून पाणी म्हणा ना! ही उष्णता कोठे तरी गेली पाहिजे. काही वाऱ्याशी आणि रस्त्याशी होणाऱ्या घर्षणात जाते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच वाटा इंजिन पेलते. आणि चालक वरच्या गिअरमध्ये, किंवा डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडीत असेल, तर जवळजवळ सारी उष्णता चार चाकांतील ओंजळभर लोखंडात आणि लायनरमध्ये साठते.

तेथून ती ब्रेकच्या तेलात उतरते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेणारे असते. डबीचे बूच घट्ट लावले तरी वर्षा-दोन वर्षांत त्यात पाण्याचा अंश शिरतोच, आणि आपल्या पावसाळी मुलखात तर निश्चितच. डॉट-3 जातीचे तेल नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-4 ची हीच मर्यादा 230 आणि 155 आहे. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय पेडलसकट थेट खाली जातो आणि गाडी जशीच्या तशी चालत राहते.

2022 सालच्या जुलै महिन्यात पहाटे पावणेचारच्या सुमारास नेमके हेच घडले. गाडीच्या आर. सी. पुस्तकाप्रमाणे ती तेराशे किलोंची धनी. हौद्यात बावीसशे किलो कोबी आणि बटाटा होता. ब्रेकचे तेल गाडी घेतल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, बदललेले नव्हते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. दोन वळणे त्याने हँडब्रेकवर निभावली आणि तिसऱ्यावर डोंगराच्या बाजूची चर पाहून गाडी तीत घातली. तेवढी बुद्धी त्याला त्या क्षणी सुचली म्हणून तो आज आहे. शेजारी बसलेल्या क्लीनर मुलाचा पाय मात्र दाराखाली सापडून दोन ठिकाणी मोडला. तो आता मंडईत एका अडत्याकडे हिशेब लिहितो. भेटला की “काका, बरे आहात ना?” असे आपुलकीने विचारतो. थोडा लंगडतो. पाट्यांचे पैसे कोणी दिले होते, हे त्याला ठाऊक नाही; किंवा असेलही.

असो. आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट वजनाची. आर. सी. पुस्तकात दोन आकडे असतात, गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन. आमच्या गाडीचे रिकामे वजन 1,690 आणि एकूण 2,990 किलो होते. म्हणजे फरक 1,300. पण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक आणि क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे 130 किलो आणि ताडपत्री, दोर यांचे वीस वजा केले की उरले 1,150. पन्नास किलोंची पोती असतील तर तेवीस. टोमॅटोचे क्रेट, प्रत्येकी क्रेटसह 27 किलो धरल्यास बेचाळीस. हा आकडा एकदा काढून रंगाने हौद्याच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा, म्हणजे रात्रीच्या घाईत हमालाशी वाद घालावा लागत नाही. पावसात भिजलेली पालेभाजी अंदाजापेक्षा बरीच जड भरते, हेही ध्यानात असावे. जड पोती मागच्या चाकांच्या पुढे, केबिनला लागून रचावीत; मागच्या फाळक्याशी भार गेला की पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर सुकाणू ऐकत नाही.

जादा मालाला दंड आहे तोही हलका नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, आणि माल उतरवून घेण्याचा खर्च निराळा. कितीतरी खेपांत मिळविलेले जादा भाडे एका रात्रीत जाते. तरीही दंडाच्या भीतीने कोणी वजन कमी करील असे मला वाटत नाही. हप्त्याची तारीख दंडापेक्षा जवळची असते. म्हणूनच घरातील वडीलधाऱ्यांनी गाडी घेतानाच विचारावे की हा हप्ता तेवीस पोत्यांच्या भाड्यात बसतो का? तेहतीस पोत्यांत बसत असेल तर ती गाडी आपल्याला परवडणारी नाही, दुकानदार काहीही सांगो.

दुसरी गोष्ट उतरण्याची. घाटाच्या माथ्यावर, उतार लागण्यापूर्वीच, गिअर खाली घ्यावा. भरलेल्या गाडीने हा घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे आणि तो अगदी शास्त्रशुद्ध आहे. उतारावर वेग वाढल्यानंतर गिअर खाली घेणे कठीण जाते. कधी तो पडतच नाही आणि गाडी मोकळी सुटते. ब्रेकवर पाय सतत ठेवून घासत उतरू नये. वेग वाढला की एकदा ठाम दाबावा, वेग उतरला की सोडून द्यावा. मधल्या वेळात ड्रम आणि डिस्क निवतात. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचते ही समजूत तर आता पूर्णपणे खोटी आहे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. आणि उतारावर इंजिन बंद करणे म्हणजे साहसाची परिसीमा. पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर इंजिनामुळे निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांपुरती ती मदत उरते. मग पेडल दगडासारखे होते.

ब्रेकची तक्रार दोन प्रकारची असते, ती ओळखता आली पाहिजे. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर दोष तेलात. ते उकळले आहे किंवा कोठून तरी गळते आहे. अशा वेळी पेडल भराभर दाबत-सोडत राहिल्यास थोडी पकड मिळू शकते. पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, आणि जळका वास येतो आहे, तर लायनर तापून त्यांची पकड सुटली आहे. दोन्हीं प्रकारांत गिअर खाली, हँडब्रेक हळूहळू ओढत, आणि जागा मिळताच गाडी उभी. चाकाला दगड लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. तापलेल्या ड्रमवर बादलीने पाणी ओतणारे मी पाहिले आहेत. त्याने ड्रम तडकतो. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाकावा. मागून येणारा दुचाकीस्वार कोणाचा तरी मुलगाच असतो.

आता घरच्या मंडळींचे काम, आणि हे मी भगिनींसाठी मुद्दाम लिहितो. सकाळी सडा घालण्यापूर्वी गाडी उभी होती तेथील जमिनीवर एक नजर टाकावी. मधोमध काळा डाग असेल तर इंजिनाचे ऑईल. चार दिवसांत दाखविले तरी चालेल. पुढच्या बाजूस हिरवट किंवा गुलाबी ओल असेल तर रॅडिएटरमधील कूलंट. परंतु चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, निसरडा ओघळ दिसला, किंवा टायरची आतली भिंत ओली दिसली, तर ते बहुधा ब्रेकचे तेल असते, आणि मग त्या रात्री ती गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये, भाडे कितीही मोठे असो. सडा घातल्यानंतर यातले काही दिसत नाही, म्हणून आधी. आमच्या वहिनी हे आता इतक्या कसोशीने करतात की परवा त्यांनी पाहुण्यांच्या गाडीखालीही वाकून पाहिले.

ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे. बदलल्याची तारीख कॅलेंडरवर नव्हे, बोनेटच्या आत चिकटवावी, कारण कॅलेंडर डिसेंबरात रद्दीत जाते. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी आणि भरलेल्या गाडीसाठी किती हवी तो आकडा दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात पाहावा; पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर सोडू नये. टायरच्या भिंतीवर चार आकडी संख्या असते. ती 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली म्हणून वयस्क टायर घाटात नेऊ नये. चाक बदलले की शंभरएक किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळावेत. ग्रीसिंग, ऑईल, फिल्टर यांचे वेळापत्रक माहितीपुस्तकात दिलेलेच असते, ते येथे उतरवून काढत नाही.

हौद्यात माणसे बसविण्याविषयी लिहावेसे वाटत नाही, इतके ते उघड आहे; पण लिहिणे भाग आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असो, लग्नाचे वऱ्हाड असो किंवा भांगलणीला निघालेल्या बायका असोत, आपल्याकडे तीस-तीस माणसे पिकअपमध्ये उभी असतात. पोती निदान जागेवर राहतात. माणसे वळणावर एका बाजूला झुकतात आणि उंचावरचा भार गाडीला कलंडवितो. शिवाय, अपघात झाल्यास मालवाहू गाडीतून नेलेल्या अशा प्रवाशांच्या भरपाईचा बोजा विमा कंपनीवर टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली स्पष्ट केले आहे. 1994 च्या दुरुस्तीने जे संरक्षण मिळाले ते मालासोबत जाणाऱ्या मालाच्या धन्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. म्हणजे वऱ्हाडातल्या जखमींची भरपाई गाडीच्या मालकाला घर विकून द्यावी लागण्याची वेळ येऊ शकते. शेजाऱ्याने गाडी मागितली आणि नाही म्हणणे जड जाते, हे मी जाणतो. तेव्हा खुशाल या सदराकडे बोट दाखवावे.

एक गोष्ट राहिली, झोपेची. पुतण्याच्या गाडीचे ब्रेक गेले ती वेळ मी वर दिली आहे. पहाटेचे तीन ते पाच हा काळ असा, की त्या वेळी शरीर स्वतःहून मंदावते. चहाने ते थोडा वेळ फसते, इतकेच. जुलैतले धुके, काचेवर पाऊस, आणि दिवसभर शेतात राबलेला माणूस. त्या दिवशी तो दुपारी झोपला नव्हता, कारण घरी पाहुणे आले होते आणि पाहुण्यांत बसावे असा आम्हीच आग्रह केला होता. कदाचित ताजा असता तर तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर पडला असता. आता आमच्या घरी गाडी रात्री जाणार असेल तर दुपारी दोन ते सहा त्याच्या खोलीचे दार लोटलेले असते, आणि पाहुण्यांना तसे सांगितले जाते.

शहापूरच्या एका भगिनींचा प्रश्न आला आहे: मुलगा महिनाभर परगावी जाणार, पिकअप अंगणात उभी राहील, काय काळजी घ्यावी? बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. हौदा रिकामा असावा आणि टायरमध्ये पुरेशी हवा. अंगण सपाट असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, दमट हवेत लायनर ड्रमला धरून बसतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. डिझेलची टाकी भरलेली असावी, म्हणजे आत ओलावा धरत नाही. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा धान्याची पोती जवळ ठेवू नयेत. आणि मुलगा परत आल्यावर पहिली खेप घाटाची नसावी. गावातल्या गावात, रिकाम्या गाडीने, चार ठिकाणी ब्रेक दाबून पाहावा.